ऑफिसातल्या सगळ्या मशीनचे लॉग एका जागी: आरसिसलॉग लावायची पूर्ण पद्धत

रात्री दोनच्या सुमारास कोणी तुमच्या फाइल सर्व्हरचा पासवर्ड जुळवत बसलं आणि तो एकदाचा जुळला, तर आत शिरलेला माणूस पहिलं काम करतो ते लॉग, म्हणजे मशीनने आपल्या कामाच्या ठेवलेल्या नोंदी, पुसायचं. डिस्क मरायला लागली की ती नोंद तिला स्वतःवर लिहिता येत नाही. जोराचा पाऊस, लाइट गेली, यूपीएसची बॅटरी दहा मिनिटांत संपली आणि सकाळी सर्व्हर उठलाच नाही, तर रात्री नेमकं काय झालं ते त्या बंद मशीनच्या पोटातच राहतं. म्हणून लॉग जिथे तयार होतो तिथे राहू द्या, पण त्याची दुसरी प्रत त्याच क्षणी वेगळ्या मशीनवर गेली पाहिजे, तीही खऱ्या वेळेसह. खालची सगळी मांडणी एवढ्यासाठीच आहे. हे काम आरसिसलॉग करतो: लिनक्सवर लॉग गोळा करणारा, फाइलीत लिहिणारा आणि दुसऱ्या मशीनला पाठवणारा प्रोग्रॅम.

उदाहरणाला आपल्याकडे नेहमी दिसणारं ऑफिस घेतलं आहे. ठाण्यात वागळे इस्टेटला एका गाळ्यात मुख्य ऑफिस, तिथे दोन उबुंटू सर्व्हर, एक फायरवॉल, तीन-चार मॅनेज्ड स्विच. नवी मुंबईत महापेला छोटी शाखा, दोन्हींच्या मधे व्हीपीएन. ठाण्याचं नेटवर्क १९२.१६८.१०.०/२४, महापेचं १९२.१६८.२०.०/२४, आणि नवा लॉग सर्व्हर ठाण्यात १९२.१६८.१०.५ या पत्त्यावर. तुमचे आकडे वेगळे असतील, तेवढे बदला.

टाइप करण्याआधी एक गोष्ट लक्षात ठेवा. कमांड, फाइलींची नावं आणि सेटिंग इथे उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत. कीबोर्डवर ती रोमन अक्षरांत आणि रोमन आकड्यांतच टाकायची. फाइलींच्या नावांत आणि कमांडमध्ये लिनक्सला छोटं आणि मोठं अक्षर वेगळं असतं, त्यामुळे ती छोट्या अक्षरांत ठेवा. जिथे मोठं अक्षर लागतं तिथे तसं सांगितलं आहे.

मशीन आणि डिस्क

लॉग सर्व्हरला फार ताकद लागत नाही. दोन कोअर, ४ जीबी रॅम असलेला जुना डेस्कटॉप वीस-तीस उपकरणांना पुरतो. कंजुषी डिस्कमध्ये करू नका. हिशोब सोपा आहे. फायरवॉल सेकंदाला सरासरी ५० मेसेज पाठवते आणि एक मेसेज २५० बाइटचा धरला तर सेकंदाला १२,५०० बाइट होतात. दिवसाचे ८६,४०० सेकंद, म्हणजे रोजचा १.०८ जीबी, आणि १८० दिवसांचे सुमारे १९४ जीबी. लॉगमध्ये तेच तेच शब्द येत असल्यामुळे जीझिप केल्यावर आकार बहुधा दहाव्या हिश्शाच्या आसपास येतो. तरीही ५०० जीबीची डिस्क घ्या, कारण एखादं स्विच बिघडून मेसेजचा पूर आला की सरासरीचा हिशोब त्या दिवसापुरता कामाचा राहत नाही.

१८० हा आकडा मनाने घेतलेला नाही. सर्ट-इनने, म्हणजे सायबर सुरक्षेसाठीच्या केंद्र सरकारच्या संस्थेने, २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेल्या निर्देशांनुसार कंपन्यांनी आपल्या सगळ्या यंत्रणांचे लॉग चालू ठेवायचे आणि मागचे १८० दिवस जपायचे आहेत. सायबर घटना कळल्यापासून ६ तासांत कळवायचीही आहे. ज्याचे लॉग चार मशीनवर विखुरलेले आहेत त्याला सहा तासांत काही धड सांगता येत नाही.

इन्स्टॉल करतानाच /व्हार/लॉग साठी वेगळं पार्टिशन काढा. लॉगनी डिस्क भरली तर फक्त तेवढं पार्टिशन भरतं, मशीन चालू राहतं. सगळं एकाच पार्टिशनवर असेल तर डिस्क फुल झाल्यावर सर्व्हरची इतर कामंही एकेक करून बंद पडतात. आणि हे मशीन यूपीएसवर हवंच, त्याच यूपीएसवर नेटवर्क स्विचही हवं. सर्व्हर चालू आणि स्विच बंद, असं झालं तर नेमक्या हव्या त्या मिनिटांचे लॉग येत नाहीत.

आधी घड्याळ

बहुतेक जण ही पायरी शेवटी ठेवतात. ती पहिली हवी. घड्याळं जुळलेली नसतील तर पाच मशीनचे लॉग एका जागी आणूनही ते एकमेकांशेजारी ठेवून वाचता येत नाहीत.

सगळ्या लिनक्स मशीनवर टाइमझोन लावा: टाइमडेटसीटीएल सेट-टाइमझोन एशिया/कोलकाता. यात एशियाचं ए आणि कोलकात्याचं के मोठं. नंतर क्रोनी, म्हणजे नेटवर्कवरून घड्याळ जुळवणारा प्रोग्रॅम, इन्स्टॉल करा. उबुंटूवर त्याची फाइल /ईटीसी/क्रोनी/क्रोनी.कॉन्फ. तिच्यात या ओळी टाका:

सर्व्हर समय१.एनआयसी.इन आयबर्स्ट
सर्व्हर समय२.एनआयसी.इन आयबर्स्ट
सर्व्हर टाइम.एनपीएलइंडिया.ऑर्ग आयबर्स्ट

पहिले दोन एनआयसीचे (केंद्र सरकारचं नॅशनल इन्फॉर्मेटिक्स सेंटर) आणि तिसरा दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेचा. सर्ट-इनचे तेच निर्देश घड्याळ या दोन संस्थांच्या सर्व्हरशी, किंवा त्यांच्याशी जुळलेल्या सर्व्हरशी लावायला सांगतात. फाइल जतन करून क्रोनी रिस्टार्ट करा आणि क्रोनीसी सोर्सेस ही कमांड द्या. एका ओळीच्या सुरुवातीला ^* अशी खूण आली म्हणजे घड्याळ त्या सर्व्हरला बांधलं गेलं. सगळीकडे ^? राहिलं तर बहुधा फायरवॉलवर बाहेर जाणारा यूडीपी १२३ अडला आहे.

टाइमझोन बदलल्यावर आरसिसलॉगही रिस्टार्ट करावा लागतो. चालू असलेल्या सेवा जुनाच टाइमझोन धरून बसतात. आणि एखाद्या जुन्या मशीनची तारीख लाइट गेली की दर वेळी मागे जात असेल, तर मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल बदला. त्याला सेटिंगने उपाय नाही.

लॉगची एक ओळ हातात घेऊन

पुढचे नियम कळायला एक ओळ नीट पाहून घ्या. तारेवरून येताना मेसेज साधारण असा असतो:

<३८>ऑग १४ ०२:१७:०५ फाइलसर्व्हर एसएसएचडी[२२४१]: फेल्ड पासवर्ड फॉर रूट फ्रॉम २०३.०.११३.४५ पोर्ट ५१८८२ एसएसएच२

सुरुवातीचा कंसातला ३८ हा सगळ्यात कामाचा. तो दोन गोष्टी एकत्र करून बनतो: मेसेज कुठल्या खात्यातून आला ती फॅसिलिटी, आणि किती गंभीर आहे ती सिव्हिरिटी. फॅसिलिटीच्या आकड्याला ८ ने गुणायचं आणि सिव्हिरिटीचा आकडा मिळवायचा. उलट काढायचं तर ३८ ला ८ ने भागा. भागाकार ४, बाकी ६. फॅसिलिटी ४ म्हणजे ऑथ, लॉगिनचं खातं. सिव्हिरिटी ६ म्हणजे इन्फो, साधी माहिती. इथेच बऱ्याच जणांची चूक होते. पासवर्ड चुकल्याचा मेसेज गंभीर असेल असं धरून ते फक्त वॉर्निंग आणि त्यावरचे मेसेज लॉग सर्व्हरला पाठवतात, आणि घुसखोरीची नोंद इन्फो म्हणून मागेच राहते. ऑथचे मेसेज कुठल्याही पातळीचे असोत, सगळे पाठवा.

सिव्हिरिटीचे आकडे ० ते ७: इमर्ज, अलर्ट, क्रिट, एरर, वॉर्निंग, नोटिस, इन्फो, डिबग. आकडा जितका लहान तितकी गोष्ट गंभीर. फॅसिलिटी ० ते २३: ० कर्नल, २ मेल, ३ डेमन, ४ ऑथ, ९ क्रॉन, १० ऑथप्रिव्ह, आणि १६ ते २३ म्हणजे लोकल० ते लोकल७, हे आठ आपल्या वापरासाठी मोकळे. सिस्को स्विच मुळात लोकल७ वर पाठवतं. त्यामुळे सिस्कोकडून <१८९> आला तर २३ गुणिले ८ अधिक ५, म्हणजे लोकल७ चा नोटिस. सिस्कोच्या मजकुरातही तोच आकडा मधे दिसतो: %लाइनप्रोटो-५-अपडाउन मधला ५.

वरच्या ओळीत वर्ष नाही आणि टाइमझोनही नाही, हेही पाहा. ही जुनी पद्धत, २००१ मध्ये आरएफसी ३१६४ म्हणून नोंदलेली. वर्ष आणि झोन असलेली नवी पद्धत २००९ च्या आरएफसी ५४२४ मध्ये आहे, पण स्विच आणि फायरवॉल अजून बहुतांशी जुन्याच पद्धतीने बोलतात. एखादं स्विच यूटीसीवर, म्हणजे आपल्या साडेपाच तास मागे असलेल्या जागतिक वेळेवर, राहिलं असेल तर पहाटे ०२:१७ ची घटना ते आदल्या दिवशीच्या २०:४७ ची म्हणून पाठवतं, आणि ओळ वाचणाऱ्याला ते कळायला काही मार्ग नसतो. याचा उपाय खाली आहे.

नियमाची ओळ वाचणं आता सोपं जातं. उबुंटूत /ईटीसी/आरसिसलॉग.डी/५०-डिफॉल्ट.कॉन्फ या फाइलीत ही ओळ असते:

*.*;ऑथ,ऑथप्रिव्ह.नन   -/व्हार/लॉग/सिसलॉग

टिंबाच्या डावीकडे फॅसिलिटी, उजवीकडे सिव्हिरिटी, तारा म्हणजे सगळं. म्हणजे सगळे मेसेज घ्या, त्यातून ऑथ आणि ऑथप्रिव्ह वगळा, आणि उरलेले त्या फाइलीत लिहा. मेल.वॉर्निंग असं लिहिलं तर वॉर्निंग आणि त्याहून गंभीर सगळे येतात. फक्त वॉर्निंगच हवा असेल तर टिंबानंतर बरोबरचं चिन्ह लागतं: मेल.=वॉर्निंग.

सेवा आहे का ते पाहा

सिस्टमसीटीएल स्टेटस आरसिसलॉग. ॲक्टिव्ह दिसलं तर पुढे जा. डेबियन १२ पासून आरसिसलॉग आपोआप येत नाही, फक्त जर्नलडी, म्हणजे सिस्टमडीची स्वतःची लॉग सेवा, असतो. तिथे सुडो एपीटी इन्स्टॉल आरसिसलॉग करावं लागतं. रेड हॅट घराण्यात हे नाव डीएनएफने घ्या. तिथे मुख्य लॉग /व्हार/लॉग/मेसेजेस मध्ये आणि लॉगिनचा /व्हार/लॉग/सिक्युअर मध्ये जातो.

लॉग सर्व्हर ऐकायला बसवणं

मुख्य /ईटीसी/आरसिसलॉग.कॉन्फ ला हात लावू नका. /ईटीसी/आरसिसलॉग.डी मध्ये आपली वेगळी फाइल करा, नाव १०-बाहेरून.कॉन्फ. या फोल्डरमधल्या फाइली नावाच्या क्रमाने वाचल्या जातात म्हणून पुढे आकडा. नावाचा शेवट .कॉन्फ ने झाला नाही तर ती फाइल वाचलीच जात नाही, आणि चूक झाली असंही कुठे येत नाही. फाइलीत हे टाका:

मॉड्यूल(लोड="आयएमयूडीपी")
मॉड्यूल(लोड="आयएमटीसीपी")

टेम्प्लेट(नेम="घर" टाइप="स्ट्रिंग" स्ट्रिंग="/व्हार/लॉग/रिमोट/%फ्रॉमहोस्ट-आयपी%/%$इयर%-%$मंथ%-%$डे%.लॉग")

टेम्प्लेट(नेम="ओळ" टाइप="स्ट्रिंग" स्ट्रिंग="%टाइमजनरेटेड:::डेट-आरएफसी३३३९% %टाइमरिपोर्टेड:::डेट-आरएफसी३३३९% %पीआरआय-टेक्स्ट% %होस्टनेम% %सिसलॉगटॅग%%एमएसजी%\एन")

रूलसेट(नेम="बाहेरून") {
ॲक्शन(टाइप="ओएमफाइल" डायनाफाइल="घर" टेम्प्लेट="ओळ" डायनाफाइलकॅशसाइज="५०" फाइलक्रिएटमोड="०६४०" डिरक्रिएटमोड="०७५०")
}

इनपुट(टाइप="आयएमयूडीपी" पोर्ट="५१४" रूलसेट="बाहेरून")
इनपुट(टाइप="आयएमटीसीपी" पोर्ट="५१४" रूलसेट="बाहेरून")

"घर", "ओळ", "बाहेरून" ही नावं आपण दिलेली आहेत, रोमन अक्षरांत कुठलीही चालतील.

यातल्या चार गोष्टी मुद्दाम केल्या आहेत. फोल्डरचं नाव होस्टनेमवरून न घेता आयपीवरून घेतलं, कारण होस्टनेम मेसेजच्या मजकुरातून येतं. पाठवणारं उपकरण तिथे काहीही लिहू शकतं, आणि काही स्विचची मांडणी थोडी वेगळी असली की होस्टनेमच्या जागी महिन्याचं नाव किंवा एखादा आकडा येऊन भलतेच फोल्डर तयार होतात. दुसरं म्हणजे ओळीत दोन वेळा लिहिल्या आहेत: मेसेज लॉग सर्व्हरला मिळाला ती वेळ आणि पाठवणारा सांगतो ती वेळ. दोन्हींत साडेपाच तासांचा फरक दिसला की समजा उपकरण यूटीसीवर आहे. वर सांगितलेला उपाय हाच. तिसरं, डायनाफाइलकॅशसाइज. न लिहिल्यास तो १० असतो. दहापेक्षा जास्त उपकरणं बोलायला लागली की प्रत्येक मेसेजला एक फाइल बंद करून दुसरी उघडायचा खेळ सुरू होतो आणि सर्व्हर विनाकारण मंदावतो. चौथं, वेगळा रूलसेट, म्हणजे नियमांचा वेगळा संच. त्यामुळे बाहेरून आलेले मेसेज सर्व्हरच्या स्वतःच्या लॉगमध्ये मिसळत नाहीत.

महापेहून येणारी वाहतूक नॅट होऊन, म्हणजे वाटेत पाठवणाऱ्याचा पत्ता बदलून, येत असेल तर शाखेतली सगळी उपकरणं एकाच आयपीची दिसतील. व्हीपीएनच्या टनेलवर नॅट बंद ठेवा.

फोल्डर तयार करून मालकी द्या. उबुंटूत आरसिसलॉग सिसलॉग या युजरने चालतो, त्यामुळे रूटच्या मालकीच्या फोल्डरमध्ये त्याला लिहिता येत नाही:

सुडो एमकेडिर /व्हार/लॉग/रिमोट
सुडो सीएचओन सिसलॉग:एडीएम /व्हार/लॉग/रिमोट

आता रिस्टार्ट करायच्या आधी तपासा: सुडो आरसिसलॉगडी -एन१, इथला एन मोठा. चूक नसेल तर शेवटी व्हॅलिडेशन संपल्याची ओळ आणि "बाय" येतं. चूक असेल तर फाइलीचं नाव आणि ओळीचा क्रमांक येतो. वारंवार सापडणारी चूक म्हणजे वळणदार अवतरणचिन्हं. व्हॉट्सॲपवरून किंवा वर्डमधून सेटिंग कॉपी केलं की सरळ चिन्हांच्या जागी वळलेली येतात, डोळ्यांना फरक जाणवत नाही आणि आरसिसलॉग ती ओळ घेत नाही. अवतरणचिन्हं हाताने पुन्हा टाका.

तपासणी पास झाल्यावर सुडो सिस्टमसीटीएल रिस्टार्ट आरसिसलॉग, आणि एसएस -एलएनटीयू देऊन ५१४ वर यूडीपी आणि टीसीपी दोन्ही दिसतात का ते पाहा. मग फायरवॉल उघडा:

सुडो यूएफडब्ल्यू अलाऊ फ्रॉम १९२.१६८.१०.०/२४ टू एनी पोर्ट ५१४

हीच ओळ महापेच्या १९२.१६८.२०.०/२४ साठी. यूएफडब्ल्यू पहिल्यांदाच चालू करत असाल तर आधी एसएसएचला परवानगी द्या, नाहीतर दूरून काम करताना स्वतःलाच बाहेर काढून बसाल. ५१४ इंटरनेटला कधीच उघडू नका. साधा सिसलॉग कुठलाही पासवर्ड विचारत नाही, मजकूर उघडा जातो, आणि यूडीपीवर पाठवणाऱ्याचा पत्ताही खोटा लिहिता येतो. व्हीपीएन नसेल आणि बाहेरून आणावंच लागलं तर टीएलएस (मजकूर सांकेतिक करून पाठवणं), पोर्ट ६५१४.

पाठवणारी बाजू: रांग नसेल तर सर्व्हरच अडकतो

इंटरनेटवर सगळीकडे एका ओळीचा उपाय सापडतो: *.* @१९२.१६८.१०.५:५१४. एक @ म्हणजे यूडीपी, दोन @@ म्हणजे टीसीपी. चालतं, पण तेवढ्यावर थांबू नका.

यूडीपीत पाठवणाऱ्याला मेसेज पोचला की नाही हे कळतच नाही. लॉग सर्व्हर पाच मिनिटं बंद राहिला तर ती पाच मिनिटं गेली. टीसीपीत निदान समोर कोणी नाही हे कळतं, पण मग कळल्यावर काय करायचं ते सांगावं लागतं. काहीच सांगितलं नाही तर मेसेज फेकले जातात. कायम प्रयत्न करत राहा एवढंच सांगितलं आणि वेगळी रांग दिली नाही, तर त्याहून वाईट. पाठवण्याचं काम अडकतं, त्याच्यामागे मुख्य रांग भरत जाते, स्थानिक फाइलीत लिहिणंही थांबतं, आणि रांग पूर्ण भरली की जो प्रोग्रॅम लॉगला मेसेज द्यायला येतो तो तिथेच उभा राहतो. एसएसएच त्यातलाच एक. मग सर्व्हर पिंगला उत्तर देतो, पण लॉगिन होत नाही. वागळेतला लॉग सर्व्हर बंद पडल्यामुळे महापेचा फाइल सर्व्हर हँग, हे कोणाच्या डोक्यातही येत नाही.

म्हणून प्रत्येक उबुंटू सर्व्हरवर /ईटीसी/आरसिसलॉग.डी/९०-पाठव.कॉन्फ अशी फाइल करून हे लिहा:

*.* ॲक्शन(टाइप="ओएमएफडब्ल्यूडी" टार्गेट="१९२.१६८.१०.५" पोर्ट="५१४" प्रोटोकॉल="टीसीपी"
क्यू.टाइप="लिंक्डलिस्ट"
क्यू.फाइलनेम="ठाणे_रांग"
क्यू.मॅक्सडिस्कस्पेस="१जी"
क्यू.सेव्हऑनशटडाउन="ऑन"
ॲक्शन.रिझ्यूमरिट्रायकाउंट="-१")

लिंक्डलिस्टने या कामाची स्वतःची वेगळी रांग तयार होते, मुख्य रांग मोकळी राहते. फाइलनेम दिल्यामुळे मेमरी भरल्यावर रांग डिस्कवर उतरते. हे नाव दिलं नाही तर डिस्कवर काही जात नाही, आणि दोन ॲक्शनना एकच नाव दिलं तर दोन्ही रांगा एकमेकींत घुसतात. १जी ही डिस्कवरची मर्यादा. सेव्हऑनशटडाउनमुळे मशीन बंद होताना रांगेत उरलेलं जपलं जातं. -१ म्हणजे लॉग सर्व्हर परत येईपर्यंत प्रयत्न सोडू नको. डिस्कवरची रांग वर्कडिरेक्टरीत राहते. उबुंटूत ती /व्हार/स्पूल/आरसिसलॉग, रेड हॅटकडे /व्हार/लिब/आरसिसलॉग. ते फोल्डर खरंच आहे याची खात्री करा.

टीसीपीतही एक फट उरते. कनेक्शन तुटतं त्या क्षणी वाटेत असलेले थोडे मेसेज पाठवणाऱ्याच्या मते गेलेले आणि घेणाऱ्याला न मिळालेले असतात. एकही सुटून चालणार नसेल, उदाहरणार्थ बिलिंगचा सर्व्हर, तर आरईएलपी वापरा. त्यात प्रत्येक मेसेजची पोच मिळते. त्याचं पॅकेज वेगळं आहे, आरसिसलॉग-आरईएलपी. बाकीच्यांना वरची रांग पुरेशी आहे.

पाठवायची ही फाइल चुकूनही लॉग सर्व्हरवर टाकू नका. सगळ्या मशीनवर एकच फाइल कॉपी करताना हे हमखास होतं. मग सर्व्हर स्वतःलाच मेसेज पाठवतो आणि ते रिमोटमध्ये दुसऱ्यांदा लिहिले जातात. वरच्यासारखा वेगळा रूलसेट नसेल तर तेच मेसेज फिरत राहून डिस्क भरते.

फायरवॉल आणि स्विचवर काम थोडकं: सिसलॉग सर्व्हरचा पत्ता १९२.१६८.१०.५, पोर्ट ५१४, पातळी इन्फो. टाइमझोन आणि एनटीपी मात्र प्रत्येकावर जाऊन लावा. विंडोज स्वतःहून सिसलॉग बोलत नाही, तिथे एनएक्सलॉगसारखा एजंट बसवावा लागतो.

चाचणी

पाठवणाऱ्या मशीनवरून:

लॉगर -पी लोकल३.नोटिस -टी चाचणी "महापेहून पहिला मेसेज"

यात -पी छोटा. लॉग सर्व्हरवर त्या आयपीच्या फोल्डरमध्ये आजच्या तारखेची फाइल उघडा. ओळ आली पाहिजे आणि दोन्ही वेळा सेकंदाच्या फरकाने जुळल्या पाहिजेत.

खरी चाचणी यानंतरची. लॉग सर्व्हरची नेटवर्क केबल काढा. पाठवणाऱ्या मशीनवरून लॉगरने दहा मेसेज टाका, प्रत्येकात १ ते १० आकडा. दुसऱ्या खिडकीतून त्याच मशीनवर एसएसएचने लॉगिन करून पाहा, ते नेहमीसारखं झालं पाहिजे. दहा मिनिटांनी केबल लावा. दहाही मेसेज यायला हवेत. पहिले एक-दोन गळले तर ती वर सांगितलेली टीसीपीची फट. सगळेच गळले तर रांगेचं सेटिंग लागलेलं नाही. ही चाचणी केल्याशिवाय काम झालं असं धरू नका.

काहीच येत नसेल तर

लॉग सर्व्हरवर सुडो टीसीपीडम्प -एन -आय एनी पोर्ट ५१४ चालवा आणि समोरून लॉगर द्या. टीसीपीडम्पमध्येही काही दिसत नसेल तर दोष वाटेत आहे: चुकीचा पत्ता, व्हीपीएनचा नियम, किंवा समोरची फाइल वाचलीच गेली नाही. टीसीपीडम्पमध्ये दिसतं पण फाइलीत येत नाही, तर आधी यूएफडब्ल्यू पाहा. टीसीपीडम्प पॅकेट फायरवॉलच्या आधी पकडतो, त्यामुळे तिथे दिसलेलं पॅकेट पुढे अडवलेलं असू शकतं. फायरवॉल ठीक असेल तर जर्नलसीटीएल -यू आरसिसलॉग वाचा. परमिशन डिनाइड असेल तर फोल्डरची मालकी. मालकी बरोबर असूनही तेच येत असेल आणि लॉग /व्हार/लॉगच्या बाहेर दुसऱ्या डिस्कवर ठेवले असतील, तर उबुंटूत ॲपआर्मर आणि रेड हॅटकडे एसईलिनक्स अडवतं. ते बंद करत बसू नका, दुसरी डिस्क /व्हार/लॉग/रिमोट वरच माउंट करा.

मेसेज येतात पण मधेमधे काही गळतात, ही वेगळी तक्रार. यूडीपी असेल तर नेटस्टॅट -एसयू मध्ये रिसीव्ह बफर एरर्स वाढतात का ते पाहा. वाढत असतील तर ते उपकरण टीसीपीवर न्या, ते शक्य नसेल तर कर्नलचा बफर वाढवा. पाठवणाऱ्या मशीनवर "सप्रेस्ड" असं लिहिलेली ओळ दिसली तर तो जर्नलडीचा लगाम आहे. एका सेवेकडून ३० सेकंदांत साधारण १०,००० मेसेज झाले की पुढचे तो टाकून देतो. लगाम काढण्याआधी एवढे मेसेज का येतात ते शोधा. बहुधा कोणीतरी डिबग चालू करून विसरलेलं असतं.

जुने लॉग

फाइली तारखेच्या नावाने बनतात, त्यामुळे इथे लॉगरोटेट (जुने लॉग आपोआप बाजूला काढणारा प्रोग्रॅम) लागत नाही. रोज पहाटे क्रॉनने (ठरल्या वेळी कमांड चालवणारी सेवा) दोन कामं करा:

फाइंड /व्हार/लॉग/रिमोट -नेम '*.लॉग' -एमटाइम +१ -एक्झेक जीझिप {} \;
फाइंड /व्हार/लॉग/रिमोट -नेम '*.जीझेड' -एमटाइम +१९० -डिलीट

१८० ऐवजी १९० ठेवलं आहे, कारण कोणी १८० वा दिवस मागितला तर तो हातात असावा. डिलीटची ओळ क्रॉनमध्ये टाकण्याआधी शेवटचं -डिलीट काढून एकदा हाताने चालवा आणि कुठल्या फाइली येतात ते डोळ्यांनी पाहा. सर्व्हरच्या स्वतःच्या लॉगला लॉगरोटेट आहेच, तिथे हाताने फाइल उडवू नका. आरसिसलॉग उडवलेल्या फाइलीतच लिहीत राहतो, जागा सुटत नाही, आणि डीएफ डिस्क भरलेली सांगतो पण डीयूला ती फाइल सापडत नाही. तसं झालंच असेल तर सुडो सिस्टमसीटीएल किल -एस एचयूपी आरसिसलॉग, इथे एचयूपी मोठ्या अक्षरांत.

गप्प बसलेलं मशीन

सगळं लागल्यावरही एक धोका उरतो: एखादं मशीन पाठवायचं थांबतं आणि दोन महिने कोणाला कळत नाही. शांत सर्व्हर आणि तुटलेला सर्व्हर लॉगमध्ये सारखेच दिसतात. म्हणून पाठवणाऱ्या लिनक्स मशीनच्या फाइलीत वर एक ओळ जोडा:

मॉड्यूल(लोड="आयएममार्क" इंटरव्हल="६००")

आता दर दहा मिनिटांनी त्या मशीनकडून मार्क लिहिलेली एक ओळ येईल, काही घडो न घडो. लॉग सर्व्हरवर क्रॉनमध्ये अर्ध्या तासाने चालणारी छोटी स्क्रिप्ट लावा: रिमोटमधल्या प्रत्येक फोल्डरवर फाइंड -नेम '*.लॉग' -एममिन -३० चालवायचं, आणि उत्तर रिकामं आलं तर त्या आयपीचं नाव मेल करायचं. स्विचला मार्क नसतो, त्यांच्यासाठी ३० ऐवजी १४४० मिनिटं धरा. महापेचे सगळे फोल्डर एकदम रिकामे आले तर आधी व्हीपीएन पाहा. एकच आला तर त्या मशीनवर जाऊन सिस्टमसीटीएल स्टेटस आरसिसलॉग.